मदत हवी आहे: वॉटर कूलिंगचा पंप घरघरतोय, नुसती मोटर बदलता येईल का?

नमस्कार मंडळी. माझ्या पीसीच्या कस्टम लूपमधला (पाणी फिरवून पीसी थंड ठेवणाऱ्या, सुटे भाग जोडून केलेल्या यंत्रणेतला) डी५ प्रकारचा पंप सतत घरघरतोय. हवा अडकली असेल म्हणून पीसीची केस (कॅबिनेट) तिरकी करून बुडबुडे काढले, रिझर्व्हॉयर (पाण्याची टाकी) भरला, आवाज तसाच. वेग कमी केला की घरघर मंदावते, पण थांबत नाही. पंपाला हात लावला की थरथर चांगलीच जाणवते, म्हणजे बेअरिंगच गेलं असावं.

डी५ची मोटर कॉलर (आट्यांची कडी) फिरवून टॉपमधून, म्हणजे पाणी जिथून आत-बाहेर होतं त्या झाकणातून, सुटी होते, त्यामुळे रिझर्व्हॉयर आणि टॉप तेच ठेवून दुसऱ्या कंपनीची मोटर बसवायचा विचार आहे. कोणी असं केलंय का? ओ-रिंग (गळती रोखणारी रबरी कडी) जुनी चालेल की नवीच घालावी?

खरी काळजी पाण्याची आहे. लूपला ड्रेन व्हॉल्व्ह नाही, ट्यूब हार्ड (न वाकणाऱ्या) आहेत आणि पंपाच्या अगदी वर ग्राफिक्स कार्ड. त्यावर थेंबही न पडता लूप रिकामा कसा करावा, कृपया नीट सांगा.