सेवा केंद्रासाठी मेकॅनिकल कीबोर्ड: गरज की हौस?

आर्वीकर: आर्वी तालुक्यातील माझ्या सेवा केंद्रात पीकविम्याच्या हंगामात रोज दहा तास टायपिंग चालते आणि पाचशे रुपयांचा साधा कीबोर्ड वर्षभरही टिकत नाही, आताच्या कीबोर्डचा स्पेसबार तर फक्त उजव्या कडेला दाबला तरच चालतो. साध्या कीबोर्डात रबराचा घुमट पुरता दाबल्याशिवाय अक्षर उमटत नाही, तर मेकॅनिकलमध्ये प्रत्येक कळीखाली वेगळा स्विच असतो आणि कळ साधारण निम्म्या वाटेवर गेली की काम होते. म्हणून बोटांच्या सोयीसाठी तीन हजार रुपये खर्च करणे मला योग्य वाटते.

जिनिंगशेजारी: मी असहमत आहे. आमच्या दुकानाला जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणारा कारखाना, लागून असल्यामुळे दिवाळीनंतर रुईचे तंतू प्रत्येक फटीत शिरतात, आणि अशा ठिकाणी महागडी वस्तू मांडून तिची राखण करत बसण्यापेक्षा स्वस्त कीबोर्ड बदलणे परवडते. शिवाय मेकॅनिकलची बांधणी बहुधा उंच असते, त्यामुळे मनगट अधिकच वर वळते. माझी मनगटदुखी कमी झाली ती खुर्चीवर सतरंजीची घडी टाकून आणि कीबोर्डचे मागचे पाय मिटवून; खर्च शून्य.

टंकलेखन शिक्षिका: आपण दोघेही अक्षरांची मांडणी विसरलात. जुन्या टाइपरायटरच्या रेमिंग्टन मांडणीवर हात बसलेल्या मुलाला संगणकाच्या इनस्क्रिप्ट मांडणीवर बसवले, तर कीबोर्ड कितीही भारी असला तरी तो अडखळणारच. इनस्क्रिप्टमध्ये स्वर डावीकडे आणि व्यंजने उजवीकडे असतात. आपल्या ‘वऱ्हाड’मधला ‘ऱ्ह’ हवा असेल, तर शिफ्टसह जे, मग डी आणि मग यू दाबावे लागते, हे किती चालकांना ठाऊक आहे?

जिनिंगशेजारी: ताईंचे म्हणणे मान्य. आर्वीकर, आणखी एक: अंगठ्याचे यंत्र आणि प्रिंटर यांनी यूएसबी पोर्ट अडवले म्हणून जुन्या संगणकाच्या गोल पीएस/२ पोर्टात कीबोर्ड लावायचा विचार असेल, तर यूएसबीचे पीएस/२ करणारा साधा जोड (अडॅप्टर) पुरत नाही; कीबोर्डलाही पीएस/२ची पद्धत कळावी लागते. आणि तो जोड संगणक बंद करूनच लावावा.

आर्वीकर: सतरंजी आजच टाकतो, पोर्टचेही दुकानदाराला विचारून घेतो. तरीही घेईन मेकॅनिकलच, कारण दहा तास माझी बोटे राबतात, जिनिंगवाल्यांची नव्हे. मात्र निळ्या स्विचचा टकटक वाजणारा घेणार नाही. समोरच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने सांगितलेला ओटीपी मला ऐकू यायला हवा.