राग दुर्गासाठी गिटारच्या तारा कशा लावाव्यात : डॅडगॅड की ओपन डी?

सहातारा (प्रश्न)

नमस्कार. मी गेली आठ वर्षे ॲकॉस्टिक गिटार वाजवत आहे. रात्रीच्या जेवणानंतर वडील तासभर गातात. त्यांची पट्टी काळी एक (सी शार्प) आहे आणि अलीकडे त्यांनी राग दुर्गा हाती घेतला आहे. त्यांना गिटारवर साथ करावी असे मला मनापासून वाटते, परंतु नेहमीच्या जुळवणीत (ई, ए, डी, जी, बी, ई) काळी एकच्या दुर्गात बसणारी एकही मोकळी तार सापडत नाही, त्यामुळे प्रत्येक स्वर बोटाने दाबावा लागतो आणि बोट उचलताच तो विझतो. चौथ्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा एकत्र दाबणारी पकड) लावून पाहिला. तेव्हा षड्ज पाचव्या तारेवर मिळतो, पण तिसरी तार कोमल निषादावर जाते, जो या रागात नाही, आणि वाद्याचा खर्जही हरवतो. गेल्या महिन्यात तारा चढवून ओपन ई लावण्याचा प्रयत्न केला, त्यात तिसरी तार तुटली.

आता तारा उतरवून लावायच्या आहेत. डॅडगॅड आणि ओपन डी या दोन जुळवण्यांविषयी वाचले आहे. त्यांपैकी कोणती निवडावी, काळी एकसाठी काय करावे आणि एवढ्या तारा उतरवल्याने वाद्याला काही अपाय होतो का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

मंद्रसप्तक

आपल्या प्रश्नाचे उत्तर गंधारात आहे. डॅडगॅडमध्ये सहाव्या तारेपासून पहिलीपर्यंत डी, ए, डी, जी, ए, डी असे स्वर येतात. डीला षड्ज मानले की ते सा, प, सा, म, प, सा असे वाचता येतात. ओपन डीमध्ये फक्त तिसरी तार बदलते. ती जी ऐवजी एफ शार्पवर, म्हणजे शुद्ध गंधारावर लावली जाते आणि सा, प, सा, ग, प, सा अशी रचना होते. दुर्गात गंधार वर्ज्य असल्याने ओपन डीची मोकळी तिसरी तार प्रत्येक झंकारात राग बिघडवील, तर डॅडगॅडच्या सहाही मोकळ्या तारा दुर्गाच्या स्वरांत आहेत. भूप किंवा यमन वाजवायचा असता तर मी याच्या नेमके उलट सांगितले असते, कारण त्या दोन्ही रागांत शुद्ध मध्यम नाही आणि गंधार मात्र त्यांचा प्राण आहे.

आता चौथी तार मध्य षड्ज धरून दुर्गाचा आरोह वाजवून पाहा : चौथी मोकळी (सा), चौथीचा दुसरा पडदा (रे), तिसरी मोकळी (म), दुसरी मोकळी (प), दुसरीचा दुसरा पडदा (ध), पहिली मोकळी (तार सा). सहा स्वरांपैकी चार मोकळ्या तारांवर आणि उरलेले दोन एकाच पडद्यावर आहेत. शेजारचे स्वर बहुतेक वेगवेगळ्या तारांवर असल्याने ते एकमेकांत मिसळून स्वरमंडळासारखे घुमतात. हे पहिल्यांदा बोटांखाली आले तेव्हा मी तासभर दुसरे काहीही वाजवू शकलो नाही.

मात्र दुर्गात धैवतावरून मध्यमावर येणारी जी मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे) आहे, ती या जागी मिळणार नाही, कारण मोकळ्या तारेवर घसरून येता येत नाही. त्यासाठी चौथ्या तारेवर नवव्या पडद्यावरून पाचव्या पडद्यापर्यंत घसरत यावे. तेवढ्या वेळात पाचवी आणि सहावी तार खाली षड्ज-पंचम धरून ठेवतात.

तानपुऱ्याची साथही याच तारांत दडलेली आहे. अंगठ्याने पाचवी, चौथी, पुन्हा चौथी आणि मग सहावी अशा क्रमाने छेडल्यास मंद्र पंचम, जोडीचे दोन षड्ज आणि खर्ज असा पुरुषी पट्टीच्या तानपुऱ्याचाच क्रम त्याच सप्तकांत मिळतो. गिटारच्या घोडीला जवारी (तार झणझणावी म्हणून दिलेला किंचित वक्र पृष्ठभाग) नसल्याने नादाचे ते वलय येत नाही, परंतु गायकाला आधार मिळण्यासाठी एवढे पुरेसे आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्रज वादक डेव्ही ग्रॅहम याने मोरोक्कोतील ऊद या तंतुवाद्याच्या वादकांबरोबर वाजवता यावे म्हणून ही जुळवणी वापरात आणली. जिथे एका स्थिर षड्जावर सगळे संगीत उभे असते तिथे ती चपखल बसते, याचे मूळ तिच्या या जन्मातच आहे असे मला वाटते.

लाकूड_आणि_तार

मी वाद्ये दुरुस्त करतो, म्हणून अपायाच्या शंकेबद्दल लिहितो. तार उतरवल्याने वाद्याला धोका नसतो. धोका चढवण्यात असतो आणि ओपन ईमध्ये तीन तारा चढवाव्या लागतात, हे आपण अनुभवलेच आहे. मात्र ताणाचा हिशेब लक्षात घ्यावा. तारेचा ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे दोन अर्धस्वर (एक अर्धस्वर म्हणजे एका पडद्याचे अंतर) उतरवलेल्या तारेचा ताण सुमारे २० टक्क्यांनी कमी होतो. काळी एकसाठी संपूर्ण डॅडगॅड आणखी अर्धा स्वर खाली न्यावे लागेल. तेव्हा सहावी, दुसरी आणि पहिली या तारा तीन अर्धस्वर उतरतील व त्यांचा ताण सुमारे २९ टक्क्यांनी घटेल. उरलेल्या तीन तारांचा ताण साधारण ११ टक्क्यांनी कमी होईल. बारा-त्रेपन्नच्या (बारीक तारांच्या) संचावर एवढी सैल सहावी तार पडद्यांवर खरखरते, म्हणून तेरा-छप्पनचा (जाड तारांचा) संच बसवावा. नवा संच दोन-तीन दिवस ताणाखाली राहू द्यावा आणि त्यानंतरही खरखर राहिली तरच मानेतील ट्रस रॉडला (मानेचा बाक सावरणाऱ्या सळईला) हात लावावा, तोही एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त नाही.

जुळवताना चौथी तार आधी वडिलांच्या तानपुऱ्याच्या षड्जाशी मिळवावी आणि पुढचे सर्व तिच्यावरून लावावे. चौथीचा बाराव्या पडद्यावरील हार्मोनिक (तार न दाबता तिथे नुसता स्पर्श करून काढलेला स्वर) आणि मोकळी पहिली एकच ऐकू आली पाहिजेत, तसेच सहावीचा बाराव्यावरील हार्मोनिक आणि मोकळी चौथी. पाचवीचा पाचव्या पडद्यावरील हार्मोनिक चौथीच्या सातव्यावरील हार्मोनिकशी मिळवावा. तिसरीसाठी हेच उलट करावे, म्हणजे चौथीचा पाचवा आणि तिसरीचा सातवा. शेवटी पाचवीच्या बाराव्यावरील हार्मोनिकवरून दुसरी लावावी. प्रत्येक वेळी तार हव्या असलेल्या स्वराच्या खाली नेऊन मग वर आणावी, नाहीतर ती नटच्या (मानेच्या टोकावरील पट्टीच्या) खाचेत अडकते आणि वाजवताना अचानक घसरते. त्या खाचांत पेन्सिलीचे शिसे घासल्यास खूप फरक पडतो.

गंधारप्रेमी

दुर्गापुरते डॅडगॅड योग्यच आहे, पण ओपन डीला एवढ्यावरच निरोप देऊ नये. डॅडगॅड इतके शांत का वाटते, याचेही कारण आहे. पडद्यांवरचा पंचम शुद्ध पंचमापेक्षा फक्त २ सेंटने (एका अर्धस्वराचे शंभर सेंट) वेगळा असतो आणि मध्यमाचेही तसेच. गंधाराचा फरक मात्र १४ सेंटचा आहे. तानपुऱ्यातून ऐकू येणारा गंधार ३८६ सेंटवर असतो आणि गिटारचा ४०० वर, म्हणून ओपन डी लावले की पुष्कळांना काहीतरी बोचते आणि ते जुळवणीलाच दोष देतात. दोष जुळवणीचा नाही, ट्यूनर यंत्रावर विसंबण्याचा आहे. चौथीचा चौथ्या पडद्यावरील हार्मोनिक हाच शुद्ध गंधार असतो. त्याच्याशी तिसरीचा पाचव्यावरील हार्मोनिक मिळवा आणि दोहोंमधली थरथर थांबेपर्यंत तिसरी उतरवत जा. त्यानंतर भूप वाजवताना मोकळा गंधार जसा बोलतो, तसा तो पडद्यावर कधीच बोलत नाही. अर्थात त्याच तारेवर दाबलेले इतर स्वर तेवढेच उतरतात, म्हणून ते दुसऱ्या तारांवर शोधावे लागतात.

मींड हेच ध्येय असेल तर गिटार मांडीवर आडवी ठेवून, तारांवर धातूचा बार फिरवण्याचा मार्ग आपल्याकडे केव्हाच सिद्ध झाला आहे. ब्रिजभूषण काब्रा यांनी १९६७ साली शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबर जे ध्वनिमुद्रण केले, त्यात गिटार गायकी अंगाने कशी वाजते ते ऐकावे. साथीसाठी मात्र आपली पडद्यांवरची पद्धतच सोयीची आहे.

सहातारा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तेरा-छप्पनचा संच बसवला, चौथी तार तानपुऱ्यावरून लावली आणि काल प्रथमच वडिलांच्या मागे पूर्ण तास वाजवले. आलाप करताना ते मध्यमावर थांबले तेव्हा मोकळी तिसरी तार त्यांच्या आवाजात अशी मिसळली की त्यांनी तो स्वर नेहमीपेक्षा बराच लांबवला. सहावी अजून पहिल्या तीन पडद्यांवर किंचित खरखरते, परंतु ती मी मोकळीच वापरत असल्याने अडचण येत नाही. आता वडील मालकंस म्हणत आहेत. त्यात पंचम नाही, तेव्हा पाचवी आणि दुसरी या दोन्ही तारा निरुपयोगी होतात का?

मंद्रसप्तक

निरुपयोगी होत नाहीत, त्यांचे स्वर बदलावे लागतात. डीच्या भाषेत सांगतो : पाचवी पंचमावरून मध्यमावर, म्हणजे जीवर उतरवा आणि दुसरी कोमल निषादावर, म्हणजे सीवर चढवा. रचना सा, म, सा, म, नि, सा अशी होईल आणि सहाही तारा मालकंसात राहतील. आरोह चौथी मोकळी (सा), चौथीचा तिसरा पडदा (कोमल ग), तिसरी मोकळी (म), तिसरीचा तिसरा पडदा (कोमल ध), दुसरी मोकळी (कोमल नि), पहिली मोकळी (सा) असा येतो. दुर्गात दुसरा पडदा होता, येथे तिसरा. दुसरी तार चढवण्याची भीती बाळगू नका, कारण आपली सर्व जुळवणी काळी एकसाठी अर्धा स्वर खाली असल्याने तो सी प्रत्यक्षात बी होतो आणि दुसरी तार तिच्या नेहमीच्याच स्वरावर परत येते.