पहिला ट्रक बांधायचा आहे: १/२४ मापाचे किट आताच घ्यावे, की आणखी एक मोटार करून मग?

तापीकाठ, भुसावळ:

सर्वांना नमस्कार. माझे वडील सावदा-रावेर पट्ट्यातील केळी टाटा १६१३ ट्रकमधून दिल्लीला पोहोचवत असत. त्या गाडीची प्रतिकृती स्वतःच्या हाताने करावी, ही माझी फार दिवसांची इच्छा आहे. त्या गाडीचे प्लॅस्टिकचे किट मला कोठे मिळाले नाही. म्हणून एखाद्या युरोपीय ट्रकचे १/२४ मापाचे, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्श्याचे किट घ्यावे, त्याच्या चॅसीवर हात बसवावा आणि पुढे त्यावरच आपल्याकडची लाकडी बॉडी चढवावी, असे मनात आहे.

आजवर मी एकच किट पूर्ण केले आहे, ते म्हणजे तामिया या जपानी कंपनीची १९६६ सालची फोक्सवॅगन बीटल. जोडणीत काही अडचण आली नाही, परंतु दोन गोष्टी बिघडल्या. मे महिन्यात भर दुपारी गच्चीवर स्प्रे मारल्यामुळे टपावरचा रंग पॉलिश पेपरसारखा खरखरीत झाला. पुढची काच घाईने झटपट चिकटणाऱ्या गोंदाने बसवली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी ती आतून दुधाळ झालेली दिसली. ट्रकच्या किटला मोटारीच्या जवळजवळ दुप्पट पैसे पडत आहेत, आणि असे काही त्यावर घडले तर मन फार खट्टू होईल.

तेव्हा ट्रक आताच घ्यावा की थांबावे? आणि आपल्या भागातील उन्हाळ्यात रंगकाम करणारे वेळ कोणती निवडतात, हेही कृपया सांगावे.

पांझराकाठ, धुळे:

भाऊ, आपली इच्छा वाचून मनापासून आनंद झाला, आणि म्हणूनच आधी आणखी एक मोटार करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मोटारीच्या किटमध्ये खालचा पत्रा बहुधा एकसंध येतो आणि चाके त्यावर आपोआप सरळ बसतात. ट्रकचा सगळा तोल मात्र दोन लांब चॅसी-पट्ट्यांवर आणि त्यांना जोडणाऱ्या पाच-सहा आडव्या तुकड्यांवर असतो, आणि तो तोल आपल्या हातांनीच साधावा लागतो. मी बांधलेल्या पहिल्या ट्रकची मागची उजवी जोडचाके टेबलापासून दीड मिलिमीटर वर राहिली, आणि गोंद वाळून गेल्यामुळे ती आजही तशीच आहेत.

तेव्हापासून मी चॅसीचे सगळे काम खिडकीच्या जाड काचेवर करतो. प्रत्येक पट्टी काचेवर ठेवून एका टोकाला बोटाने दाबतो, आणि दुसरे टोक कागदाच्या जाडीइतके जरी उचलले गेले तरी ती सरळ केल्याशिवाय पुढे जात नाही. हाताला चटका बसेल इतपत गरम पाण्यात पट्टी काही क्षण धरावी, काचेवर दाबून थंड होऊ द्यावी, आणि एकदा साधले नाही तर पुन्हा करावे. पाणी उकळते मात्र नसावे. किटचे प्लॅस्टिक, म्हणजे पॉलिस्टायरिन, शंभर अंशांच्या आसपास इतके मऊ पडते की पट्टी सरळ होण्याऐवजी वेडीवाकडी होते.

दुसरी गोष्ट साच्यांच्या वयाची. खोक्यावरचे चित्र नवे असले म्हणजे आतला साचाही नवा असतो असे नाही. ट्रकच्या किटांपैकी अनेक साचे १९७० आणि १९८० च्या दशकांतले आहेत आणि तेच नव्या खोक्यांत पुन्हा पुन्हा येतात. त्यात वाईट काही नाही, उलट जुने देखणे ट्रक त्यामुळेच आजही मिळतात. मात्र तुकड्यांच्या कडांना पातळ पापुद्रे असतात, जोडावर फट राहते आणि तीत लांबी (पुट्टी) भरून ती घासावी लागते. तामियाच्या बीटलमध्ये आपल्याला जे जुळून आलेले मिळाले, ते तेथे आपल्याला जुळवून घ्यावे लागेल. ती सवय एखाद्या स्वस्त मोटारीवर करून घेतलेली बरी.

आता रंगाविषयी. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, आणि त्या हवेत रंगाचा थेंब डब्यातून निघून टपापर्यंत पोहोचण्याआधीच अर्धा वाळतो. तो पसरत नाही, कण होऊन चिकटतो, आणि आपल्या टपाचा खरखरीतपणा त्यातूनच आला आहे. उन्हाळ्यात मी पहाटे साडेपाच ते साडेसात एवढ्या वेळातच रंग मारतो, आणि एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारे बारीक पेन) वापरताना रंगात वाळणे लांबवणारे लेव्हलिंग थिनर घालतो. बहुतेकांच्या हातून होणारी आणखी एक चूक सांगतो. उकाडा असह्य झाला की आपण कूलर लावलेल्या खोलीत स्प्रे करायला बसतो. कूलर हवेत पाणी सोडतो, लॅकर (झटपट वाळणारा रंग) यातील द्रव उडताना पृष्ठभाग गार पडतो, आणि त्या गार पृष्ठभागावर बाष्प बसून रंग पांढुरका पडतो. श्रावणात पाऊस लागून राहिला असतानाही हेच घडते. तेव्हा रंगाच्या वेळी कूलर बंद ठेवावा, खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि तोंडाला चांगला मास्क लावावा. टप फुकट गेलेला नाही. रंग आठवडाभर कडक होऊ द्यावा, २००० नंबरच्या वॉटर पेपरने पाणी लावून हलक्या हाताने घासावा आणि वर पुन्हा एक पातळ थर द्यावा.

सातपुडा, शहादा:

पांझराकाठ यांच्या अनुभवाविषयी मला पूर्ण आदर आहे, चॅसी काचेवर बांधण्याची त्यांची रीत मीही पाळतो, परंतु त्यांचा निष्कर्ष मला पटत नाही. ज्याच्या मनात ट्रक आहे त्याने ट्रकच घ्यावा.

मोटारीच्या मॉडेलकडे पाहणारा माणूस सर्वांत आधी रंगाची चकाकी पाहतो. टप, बॉनेट आणि दरवाजे मिळून एकच सलग वळणदार पृष्ठभाग असतो, आणि त्यावर धुळीचा एक कण बसला तरी तो आरशातल्या डागासारखा दिसतो. ट्रकचे तसे नाही. केबिन लहान असते, तिच्या बाजू सपाट असतात आणि चॅसी, पाटे (स्प्रिंगा), टाक्या, बंपर हे सगळे सुटे सुटे रंगवून मग जोडता येते. एक तुकडा बिघडला तर तेवढाच पुन्हा रंगवावा. शिवाय चॅसीच्या आतल्या बाजूचा एखादा जोड चुकला तरी वर बॉडी बसल्यावर तो झाकला जातो. रंगात कच्चा असलेल्या माणसाला, आणि आपल्या दोन्ही तक्रारी रंग आणि काच यांच्याच आहेत, ट्रक मोटारीपेक्षा अधिक सांभाळून घेतो, असे मी तरी पाहिले आहे.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर किंवा त्यात कालवलेला रंग उघड्या प्लॅस्टिकवर कधीही मारू नये. मी एकदा पैसे वाचवण्यासाठी तसे केले, आणि दहा मिनिटांत बॉनेटवर पावसाअभावी फाटलेल्या काळ्या रानासारख्या बारीक भेगांचे जाळे पसरले. ते घासूनही गेले नाही. प्लॅस्टिकसाठीचाच प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) आधी द्यावा, पहिले दोन थर अगदी धुक्यासारखे पातळ मारावेत, आणि ते वाळल्यावरच ओला थर द्यावा.

काचेविषयी सांगायचे तर झटपट गोंद वाळताना त्याची वाफ निघते आणि ती जवळच्या पारदर्शक तुकड्यावर पांढरी बसते. काच निघत असेल तर बारीक वॉटर पेपर आणि नंतर पॉलिशिंग पेस्ट यांनी ती पुष्कळशी साफ होते. पुढच्या वेळी लाकडाला लावतात तो पांढरा गोंद काडीच्या टोकावर घेऊन कडेने लावावा. तो वाळल्यावर पारदर्शक होतो, आणि सांडलेला भाग ओल्या फडक्याने पुसता येतो. क्रोमच्या तुकड्यांनाही असाच वेगळा विचार लागतो. प्लॅस्टिकचा गोंद क्रोमच्या थराखाली पोहोचत नाही, म्हणून जोडाच्या जागी पात्याने क्रोम खरवडावे आणि मगच गोंद लावावा. आरसे आणि बंपर पुढे महिन्याभरात गळून पडतात, ते बहुधा याच कारणाने.

जाता जाता आणखी एक सुचवतो. आओशिमा या जपानी कंपनीची तिकडच्या सजवलेल्या ट्रकांची १/३२ मापाची किटे एकदा अवश्य पाहावीत. त्या ट्रकांना जपानमध्ये देकोतोरा म्हणतात. दिवे, चकाकणारे पत्रे आणि रंगीत चित्रे यांनी नटलेला तो ट्रक पाहताना मला आपल्या महामार्गावरच्या गोंडे लावलेल्या, मोर आणि कमळे रंगवलेल्या गाड्यांची आठवण होते. एवढी सजावट १/३२ मापात कशी बसवली आहे, हे आपल्या पुढच्या कामासाठी शिकण्यासारखे आहे.

बोरीकाठ, अमळनेर:

दोन्ही उत्तरे वाचली. आधी मोटार की ट्रक, हे आपल्या उत्साहावर सोडतो. मला लिहायचे आहे ते आपल्या अंतिम गाडीविषयी, कारण १/२४ हे माप आपण अगदी योग्य निवडले आहे.

अमेरिकन ट्रकची किटे बहुधा १/२५ मापाची असतात, तर युरोपीय ट्रक आणि जपानी मोटारी १/२४ च्या. फरक चार टक्क्यांचा वाटतो, पण दोन्हींचे तुकडे एकत्र केले की डोळ्यांना खुपतो. आणि १/२४ मध्ये एक फूट म्हणजे बरोबर अर्धा इंच. आपल्याकडे ट्रकची बॉडी बांधणारे मिस्त्री आजही फूट-इंचांतच बोलतात. त्यांचे १४ फूट म्हणजे आपले ७ इंच, इतका हा हिशेब सोपा आहे.

आता चाके पाहा. युरोपीय ट्रकला साधारणपणे ३१५/८० आर २२.५ या मापाचे टायर असतात आणि त्यांचा व्यास सुमारे १०७६ मिलिमीटर भरतो. आपल्याकडच्या जुन्या ट्रकच्या १०.००-२० टायरचा व्यास सुमारे १०५४ मिलिमीटर. १/२४ मध्ये हा फरक एक मिलिमीटरही होत नाही, म्हणजे किटमधील टायर आपल्याला चालतील. डिस्क (टायरच्या आतले लोखंडी चाक) मात्र चालणार नाहीत, कारण साडेबावीस इंचांची डिस्क वीस इंचांच्या डिस्कपेक्षा या मापात अडीच मिलिमीटरहून अधिक मोठी दिसते, आणि आपल्या ट्रकची जाडजूड टायरात खोल बसलेली डिस्क हीच त्याची ओळख आहे. गाडीच्या कागदांवर १६१३ च्या पुढे ४२ असा आकडा असेल, तर पुढच्या आणि मागच्या चाकांमधील अंतर सुमारे ४.२ मीटर, म्हणजे मॉडेलमध्ये साडेसतरा सेंटिमीटर धरावे. चॅसी-पट्ट्या त्या हिशेबाने कापाव्या किंवा वाढवाव्या लागतील.

टायरांबाबत एक इशारा देतो. किटमधील मऊ टायरांत प्लॅस्टिसायझर (मऊपणा आणणारे द्रव्य) असते, ते वर्षानुवर्षांत बाहेर पडते आणि पॉलिस्टायरिनला विरघळवते. जुनी किटे उघडताना टायर ज्या काचेला किंवा बॉडीला टेकलेले असतात, तेथे त्यांच्या नक्षीचा ठसा उमटलेला दिसतो. उष्णतेने ही क्रिया वेग घेते, म्हणून आपल्या भागात तर अधिक काळजी हवी. खोके घरी आल्याबरोबर टायर काढून वेगळ्या पिशवीत ठेवावेत, आणि डिस्कवर चढवण्यापूर्वी मध्ये स्वयंपाकघरातील पातळ अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा एक वेढा द्यावा. तयार मॉडेल पत्र्याच्या छपराखालील माळ्यावर कधीही ठेवू नये.

आणि शेवटी मातीविषयी, कारण हा मोह आपल्याला होणारच. मी माझ्या एका ट्रकच्या चाकांना आमच्या शेतातली काळी माती वस्त्रगाळ करून लावली होती. अर्ध्या मिलिमीटरचा एक कण २४ पटींनी १२ मिलिमीटरचा होतो. माती लावलेली ती चाके खडीतून आल्यासारखी दिसत होती. रंग आपल्या मातीचाच घ्यावा, परंतु तो चित्रकलेच्या कोरड्या पेस्टल खडूची पूड करून मऊ ब्रशने चढवावा. काळा, करडा आणि थोडा तपकिरी खडू एकत्र केला की आपल्या रानाचा रंग बरोबर येतो.

वडिलांच्या गाडीचा एखादा भाग अजून घरी असेल, तर त्याची मापे आताच घेऊन ठेवावीत. छायाचित्रावरून काढलेल्या मापापेक्षा ती केव्हाही खरी.

तापीकाठ, भुसावळ:

तिघांचेही मनापासून आभार. ट्रक आताच मागवतो, परंतु तो पावसाळा संपेपर्यंत उघडणार नाही. तोवर बीटलचा टप घासून पुन्हा रंगवीन, तेही पहाटे आणि कूलर बंद ठेवून. काच काल निघाली आहे, ती बऱ्यापैकी साफ होईल असे दिसते. काचेच्या दुकानातून चॅसीसाठी दीड फुटाचा जाड तुकडाही आणला.

बोरीकाठ यांचे शेवटचे वाक्य वाचून लगेच गोठ्यात गेलो. गाडी विकण्याआधी वडिलांनी नवा फाळका बसवला होता, आणि जुना मागचा फाळका आमच्याकडे गव्हाणीमागे उभा आहे. त्याची लांबी ७ फूट २ इंच भरली, म्हणजे मॉडेलमध्ये ९१ मिलिमीटर. वडील स्वतः टेपचे दुसरे टोक धरून उभे होते. त्यावरची पिवळी अक्षरे अजून वाचता येतात आणि त्यांची उंची ४ इंच आहे, म्हणजे आपल्याला ती जेमतेम ४ मिलिमीटरची लिहावी लागतील. एवढी बारीक अक्षरे हाताने रंगवावीत की छापील डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायची चित्रे) करून घ्यावेत, याविषयी कोणाचा अनुभव असल्यास कृपया लिहावे.