प्रीमियर पद्मिनी गाडी: इंजिन बांधल्यावर कार्बोरेटरमधून भडका, चालू होत नाही

माझगावकर
पद्मिनीचं इंजिन पूर्ण खोललं होतं. बोअर, नवे पिस्टन-रिंग, व्हॉल्व्ह ग्राइंडिंग. आता सेल्फ मारला की फट्‌ करून कार्बोरेटरमधून भडका. पेट्रोल येतंय, प्लगला स्पार्क आहे, पॉइंट (उघडले की स्पार्क पडतो ते संपर्क) आणि कंडेन्सर (पॉइंटवरच्या ठिणग्या आवरणारा) नवे. काय बघू?

डेल्कोवाला
आधी एअर फिल्टर बसवा, भडका बॉनेटखाली नको.

स्पार्क आहे, पण अवेळी. डेल्को, म्हणजे प्लगना पाळीने स्पार्क वाटणारा डिस्ट्रिब्युटर, १८० अंश उलटा बसलेला दिसतोय. पिस्टन दोनदा वर येतो, एकदा कॉम्प्रेशनला, एकदा एक्झॉस्टच्या शेवटी. नुसती पुलीची खूण धरून बांधलं की हा घोळ होतो. एक्झॉस्टच्या शेवटी इनटेक उघडायला लागलेला असतो, तेव्हा स्पार्क पडला की आग मागे येणारच.

इग्निशन बंद. १ नंबरचा, म्हणजे रेडिएटरकडचा प्लग काढा, भोकावर अंगठा धरा, इंजिन हाताने फिरवा. हवेने अंगठा उडाला की कॉम्प्रेशन. खुणेपर्यंत न्या, डेल्कोचं झाकण काढा. आत फिरणारा रोटर १ च्या वायरकडे हवा. ४ कडे असेल तर डेल्को खोलायची गरज नाही: १-४ आणि २-३ वायरी आपसात बदला. फायरिंग ऑर्डर १-३-४-२, रोटर फिरतो त्या दिशेने.

टॅपेटभाऊ
रोटर बरोबर निघाला तर वायरींना हात लावू नका, टॅपेट बघा, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणाऱ्या भागामधला गॅप. ग्राइंडिंगनंतर व्हॉल्व्ह सीटमध्ये खोल बसतो, गॅप खातो. इनटेक पूर्ण मिटला नाही की भडका अगदी असाच.

माझगावकर
रोटर ४ कडेच होता! वायरी बदलल्या, गाडी चालू. पण गरम झाली की मिसिंग (मधूनच फायर चुकतं), आणि पॉइंटवर मोठ्या ठिणग्या. कंडेन्सर तर कालच कुर्ल्याला सीएसटी रोडवरून आणलाय.

डेल्कोवाला
नवा आहे म्हणून चांगला असं नसतं, कंडेन्सरच्या बाबतीत तर नाहीच. जुना फेकला नसेल तर तो लावून बघा. स्क्रूखाली रंग असेल तर खरवडा, अर्थिंग मिळत नसेल तरी हेच होतं. काळे पडलेले पॉइंट घासा आणि कॅमच्या उंचवट्यावर गॅप ०.४५ मिमी ठेवा.

गॅप हलला की टायमिंगही सरकतं. १२ व्होल्टचा बल्ब घ्या, एक वायर डेल्कोच्या बाजूच्या बारीक वायरच्या स्क्रूला, दुसरी बॉडीला. इग्निशन ऑन करून इंजिन हळू फिरवा. बल्ब पेटतो तेव्हा पॉइंट उघडतात. त्या क्षणी पुलीची खूण बघायची. इग्निशन ऑन ठेवून चहाला जाऊ नका, पॉइंट मिटलेले राहिले तर कॉइल भाजते.