मदत हवी आहे : इंजिनातला कार्बन पेट्रोलमध्ये मिसळायच्या बाटलीभर ॲडिटिव्हने (क्लीनरने) निघतो का?

नमस्कार मंडळी, मी पारोळ्याचा. २०१४ ची पेट्रोल गाडी, ९२,००० किमी झालेत. रोजची धाव घर ते शेत, चार किलोमीटर. इंजिन धड तापत नाही तोवर गाडी बंद. दोन महिन्यांपासून सकाळी सुरू केली की थरथरते, ॲव्हरेज १७ वरून १४ वर आलंय.

मागच्या आठवड्यात वडिलांना डोळ्यांच्या तपासणीसाठी संभाजीनगरला नेलं. कन्नडच्या घाटात दुसऱ्या गिअरलाही गाडी ओढेना, वरून टकटक आवाज. मागे गाड्यांची रांग, आणि आईने दरवाजाचं हँडल घट्ट धरून ठेवलेलं. फार जीव घाबरला.

मेकॅनिकने थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, उघडून दाखवली. बोट फिरवलं तर काजळी, चुलीवरच्या तव्याच्या बुडासारखी. ती त्याने स्प्रेने पुसली, कारण तिथपर्यंत टाकीतलं पेट्रोल पोचतच नाही. पुढे म्हणतो, आतल्या कार्बनसाठी हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, खोलू. पार्ट्सवाला म्हणतो, टाकीत ॲडिटिव्हची बाटली ओता.

माझ्या गाडीत पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हच्या (सिलिंडरमध्ये हवा-पेट्रोल आत घेणाऱ्या झडपेच्या) पाठीवर फवारलं जातं, त्यामुळे पीईए, म्हणजे पॉलिइथरअमाइन हे कार्बन सोडवणारं रसायन असलेलं क्लीनर तिथे काम करतं हे पटतं. डायरेक्ट इंजेक्शनला, म्हणजे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या इंजिनात, ते व्हॉल्व्ह धुतलेच जात नाहीत.

पण इतका जुना थर एका बाटलीत सुटतो, की दोन-तीन टाक्या लागतात? नंतर लगेच ऑइल बदलावं का? आधी कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमधल्या दाबाची तपासणी) करून घेऊ? धुळे-जळगावकडे कुणी स्वतः वापरलं असेल तर कृपया सांगा, पुढच्या महिन्यात पुन्हा तोच घाट चढायचा आहे.