अनुभव धागा : आकडा, पत्ते, लॉटरी, रमी... तुमच्या घरातलं लिहा

गोदाकाठची
आज नाशिकच्या भांडी बाजारात गेले होते, दिवाळीआधी पितळी डबे उजळून आणायला. दुकानाच्या पायरीवर एक पोरगा जुन्या घंगाळावरचं नाव कानशीने घासत बसला होता. 'सौ.' तेवढं राहिलं होतं, पुढचं सगळं गेलेलं. पोटात कालवलं एकदम. आमचं घंगाळ असंच गेलं, मी चौथीत होते. आईच्या लग्नातलं, तिच्या माहेरच्यांनी नाव घालून दिलेलं. तात्यांनी पोत्यात घातलं, सायकलच्या कॅरिअरला बांधलं आणि गेले. आई ओट्याशी भाकरी थापत होती, तिने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

तात्या सातपूरला कामाला होते. घरात जुगार हा शब्द कधी कोणी उच्चारला नाही. "जरा पंचवटी कारंजावर जाऊन येतो" एवढंच. खिशात बसच्या तिकिटाएवढी मटक्याची चिठ्ठी असायची, कार्बनची निळी अक्षरं, कल्याण, ओपन, ६, ५ रु. कल्याण म्हणजे मटक्याचं नाव, ओपन म्हणजे पहिली सोडत. तीन पत्ते काढायचे, बेरीज करायची, शेवटचा अंक तो आकडा. ३, ६, ८ म्हणजे १७, म्हणजे ७. मला बेरीज तात्यांनी अशी शिकवली. शाळेत बाई कौतुक करायच्या आणि मला ते कौतुक नको व्हायचं.

कोणाला नावं ठेवायला नाही लिहीत. तात्या प्रेमळ होते, आकडा लागला की मिसळ आणायचे, आम्ही तिघं भावंडं दारात उभी असायचो. पण गेल्या घंगाळाबद्दल आई आयुष्यभर एक शब्द बोलली नाही आणि मीही विचारलं नाही. आता दोघंही नाहीत. तुमच्याकडे काय होतं ते लिहा, नावगाव नको.

सायखेड्याची लेक
ताई काटा आला अंगावर. दूध उतू चाललंय, नंतर येते

जेलरोडवाली
आमचे बाबा नोटांच्या प्रेसमध्ये. दिवसभर हातात कोऱ्या नोटा आणि एक तारखेला घरी यायचे ते रात्री अकराला, रिकामे. आई मला आणि भावाला गल्लीच्या तोंडाशी उभं करायची, बाबा दिसले की त्यांना सरळ घरी आणायचं म्हणून. भाऊ सहा वर्षांचा, हात धरून ओढायचा. कधी यायचे कधी नाही. मागे सोन्याची पोत गेली, मग आईने काळे मणी दोऱ्यात ओवले, तेच शेवटपर्यंत गळ्यात होते

गणिताचे सर
मटक्याचा हिशोब पोरांना फळ्यावर करून दाखवतो मी दरवर्षी. सिंगलला दहा अंक, लागला तर रुपयाला ९. जोडीला, म्हणजे दोन अंक मिळून, शंभर शक्यता, देतात ९०. म्हणजे तुम्ही शहाणे असा, चार्ट पाठ असो, स्वप्नात साप दिसो नाहीतर बाबाने आकडा दिलेला असो, शंभरातले दहा रुपये मटकेवाल्याचेच. सुरुवात कापसाच्या भावावर झाली, न्यूयॉर्कच्या बाजारातले कापसाचे आकडे मुंबईत यायचे त्यावर पैज. ते बंद झालं मग पत्ते आले, १९६२ ला कल्याण आणि १९६४ ला न्यू वरळी हे मटके. गिरणीतला माणूस चार आणे लावू शकायचा म्हणून पसरलं एवढं. आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांच्या आज्यांना हे माहीत आहे पण घरात बोलत नाही कोणी

निफाडकर
इकडे मटका कमी, तिरट म्हणजे तीन पत्ती जास्त. कांद्याची पट्टी झाली, विक्रीचे पैसे हातात आले की रात्री मळ्यात चादर टाकायची, बॅटरीच्या उजेडात पत्ते. माझ्या चुलत्याने एका रात्रीत लासलगावच्या पट्टीचे सगळे घालवले आणि सकाळी मजुरांना द्यायला माझ्या वडिलांकडे आला. वडिलांनी दिले. बोलले काही नाही पण त्या वर्षीपासून दोघांच्या विहिरीच्या पाळ्या वेगळ्या झाल्या, ते आजतागायत

संस्कृतवाली आजी
निफाडकर, ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात चौतिसावं सूक्त आहे, अख्खं जुगाऱ्याचंच. त्यात सांगितलंय फासे खेळू नको, शेतीच कर. आणि त्याची बायको होरपळते, आई कुठे भटकतोय म्हणून झुरते हेही आहे. आमच्या वर्गात शिकवताना मला थांबायला लागायचं त्या ऋचेशी.

मिसळवेडा
पण पाडव्याला आमच्याकडे आजोबाच पत्ते वाटायचे. द्यूतप्रतिपदाच म्हणतात ना तिला, शिवपार्वती सारीपाट खेळले म्हणून. बदामाच्या बिया लावायचो, हरलं तरी बिया खायच्या. कोजागिरीला पण सोंगट्या. एक दिवसाचा खेळ होता तो, दुसऱ्या दिवशी पाट गुंडाळून कपाटात

गोदाकाठची
हो मिसळवेडा, आमच्या आजीकडे पण पाट होता, लाल कापडाचा, कवड्या वेगळ्या पिशवीत. तो कधी विकला गेला नाही.

जेलरोडवाली
कोजागिरीचं दूध आटवताना चारोळी घालता का हो तुम्ही? आमच्याकडे नुसती वेलची जायफळ

मिसळवेडा
चारोळी हवीच काकू

कोर्टातला
कायदा सांगतो थोडक्यात, रात्रीच्या मेसेजमध्ये बरेच जण विचारताय. आपल्याकडचा जुगारबंदी कायदा १८८७ चा. अड्डा चालवणारा, अड्ड्यात सापडलेला, रस्त्यावर खेळणारा, तिघांनाही कलमं आहेत, पण कौशल्याचा खेळ त्यातून वगळलेला. रमी कौशल्याची आहे असं सुप्रीम कोर्टाने १९६७ ला म्हटलं, पुढे १९९६ ला घोड्यांची शर्यतही कौशल्यात धरली. म्हणून रमीच्या जाहिराती एवढ्या वर्षं चालल्या. कॅसिनोसाठी १९७६ चा कायदा होता महाराष्ट्रात, कधी अमलातच आला नाही, २०२३ ला रद्द केला. आणि ऑगस्ट २०२५ ला केंद्राने पैशांचे सगळे ऑनलाइन गेम बंद करणारा कायदा केला, कौशल्य असो नसो. चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद, १ कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही, हे घाबरलेल्या आईवडिलांसाठी मुद्दाम लिहितोय

सीबीएसचा जुना
आणि लॉटरी? महाराष्ट्राची सरकारी लॉटरी १९६९ पासून आहे. माझे सासरे स्टँडच्या बाहेर टेबल टाकून तिकिटं विकायचे, त्यावर दोन मुली उजवल्या. एकच रिक्षावाला रोज एक तिकीट घ्यायचा, वीस वर्षं, नंबर बघायला यायचा तेव्हा सासरे मान खाली घालायचे. ते मला आजही कळत नाही, त्यांनी काही चुकीचं केलं का

कोर्टातला
कायद्याने नाही काका. बाकीचं मला सांगता येणार नाही.

सिडकोतली आई
वाचतेय सकाळपासून लिहू की नको करत. माझा मुलगा बावीस वर्षांचा, कॉलेज झालं नोकरी नव्हती, मोबाइलवर आधी शंभर रुपयाने सुरू केलं, पहिल्या आठवड्यात जिंकला पण, मला साडी घेतली त्यातून, मला वाटलं कुठे शिकवणी घेतोय, मग मित्रांचे उसने, मग कर्जाची ॲप, मग त्या लोकांचे फोन त्याच्या मामाला, माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीला, फोटो पाठवायचे घाणेरडे, दोन लाख ऐंशी हजार झाले तेव्हा त्याने मला सांगितलं, रात्री दोनला, स्वयंपाकघरात लाइट न लावता. मी ओरडले नाही. आजही तो फोन उलटा ठेवतो टेबलावर. पैसे फेडतोय आम्ही, त्याचं जेवण अजून नीट नाही. ती साडी मी नेसलेली नाही

सायखेड्याची लेक
ताई ओरडला नाहीत ते फार मोठं केलंत. १४४१६ ला फोन करा, टेलिमानस, सरकारी आहे, फुकट, मराठीत बोलतात. माझ्या दिराला उपयोग झाला

जेलरोडवाली
त्या फोनवाल्यांची सायबरकडे तक्रार करा, १९३० नंबर. आणि मुलाला एकटं ठेवू नका रात्री

निफाडकर
ताई द्राक्षं आली की पेटी पाठवतो, पोराला मळ्यावर पाठवा चार दिवस. छाटणीला माणूस लागतंच आहे, मजुरी देतो

सिडकोतली आई
विचारते त्याला दादा. विचारते.

सायखेड्याची लेक
गोदाकाठची ताई, ते घंगाळ घेतलंत का मग?

गोदाकाठची
दुकानदार वजनावर देत होता. मी त्या पोराला नाव काय होतं विचारलं, म्हणाला वाचलं नाही मावशी. मग कानस थांबवायला सांगितली आणि 'सौ.' सकट घेऊन आले. कल्हई कुठे करतात आता, कोणाला माहीत आहे का? आणि सिडकोतली ताई, पवननगर का तुमचं? मी गुरुवारी तिकडे येतेय बहिणीकडे, चहाला येऊ का