दुसरी बॅटरी आणि अल्टरनेटर

गाडीत मागच्या सीटखाली बसवलेली दुसरी, लिथियम बॅटरी थेट अल्टरनेटरला (इंजिनवर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्राला) जोडावी, असे काही जण सुचवतात; मी ते टाळेन, कारण रिकामी लिथियम बॅटरी इतका प्रवाह ओढते की अल्टरनेटर तापून जळू शकतो. मध्ये डीसी-डीसी चार्जर (अल्टरनेटरकडून ठरावीक मर्यादेतच प्रवाह घेऊन बॅटरी चार्ज करणारे उपकरण) हवाच. माझ्या 30 अँपिअरच्या चार्जरला आधी 6 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर होती (काटकसर, दुसरे काय!), जाऊन-येऊन 10 मीटरांत जवळपास 0.9 व्होल्ट वाटेतच जात आणि वायर हाताला कोमट लागे. 16 ची टाकल्यावर हीच घट 0.3 वर आली. गाडीची मूळ आणि ही दुसरी, अशा प्रत्येक बॅटरीपासून वीतभर अंतरातच एकेक फ्यूज बसवावा. स्पितीला हिवाळ्यात जाणार असाल, तर शून्य अंशाखाली लिथियम बॅटरी चार्ज करू नये.